नऊ पिना आणि एक आखाजी

"आज काय आहे माहीत आहे का?" आप्पांनी फोनवर विचारलं.

सकाळचे सात वाजले होते. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात फोन आणि डोक्यात ऑफिसच्या दहाच्या मीटिंगचा विचार. मी म्हटलं, "शुक्रवार."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "आखाजी शे."

आप्पा एरवी माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलतात, का कोण जाणे. मी शिकलो म्हणून असेल. अहिराणीत आले की समजायचं, काहीतरी लागलंय. तो दिवस होता १० मे २०२४, अक्षय्य तृतीया. तुमच्याकडे कदाचित या दिवशी सोनं घेत असतील. आमच्या खानदेशात मात्र आखाजी म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. आणि शेतकऱ्याचं वर्षही याच दिवशी बदलतं. सालदाराचा हिशोब आखाजीला मिटतो, नव्या वर्षाचा ठराव आखाजीलाच होतो. लहानपणी आमच्या ओट्यावर ही बोलणी चालायची, तेव्हा मी आप्पांच्या मांडीला चिकटून बसायचो. आणि आता? "शुक्रवार."

असो. ही पार्श्वभूमी सांगितली, कारण त्याच दिवशी संध्याकाळी मी एका ट्रॅक्टरला लॅपटॉप जोडून बसलो होतो, आणि त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात तेव्हापासून एकमेकींत अडकून बसल्या आहेत.

मी राहतो अमेरिकेत, इलिनॉय राज्याच्या मध्यभागी. घरापासून गाडी काढून कुठल्याही दिशेला दहा मिनिटं गेलं की मका नाहीतर सोयाबीन. जमीन काळी, अगदी तापीकाठासारखी, फक्त इतकी सपाट की डोळ्याला काही अडतच नाही. माझं काम ट्रकच्या इंजिनांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं. गावाबाहेर एक शेतकरी आहे, वय तेव्हा एकाहत्तर, चर्चच्या एका जेवणात ओळख झाली. (जेवण चांगलं होतं, बाकीचं विचारू नका.) घरी आम्ही त्याला 'पाटील' म्हणतो. त्याला हे माहीत नाही. त्याच्या मुलाने शेती सोडून शहरात नोकरी धरली, हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मीही शेतकऱ्याचा मुलगा आहे हे मी त्याला सांगितलं. पण शेती सोडलेलाच मुलगा, हे त्याचं त्याला कळलं असावं.

तर त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास पाटलाचा फोन. "तू ते ट्रकला कॉम्प्युटर लावतोस ना? तो घेऊन येशील का?"

त्याच्या ट्रॅक्टरला ऑटोस्टीअर आहे. म्हणजे शेताच्या एका टोकाला ट्रॅक्टर लावायचा, बटण दाबायचं, आणि पुढे ट्रॅक्टर आपला आपण सरळ रेषेत जातो. केबिनच्या टपावर उपग्रहांचे संदेश घेणारा घुमट, आत एक पडदा, आणि चाकं वळवणाऱ्या हायड्रॉलिक व्हॉल्व्हला हुकूम सोडणारा एक डबा. मागे सोळा ओळींचं पेरणीयंत्र, दोन ओळींत तीस इंच, म्हणजे एका फेरीत चाळीस फूट रुंदीची पेरणी. यात दोन-तीन सेंटिमीटरची अचूकता मिळते ती आरटीके नावाच्या युक्तीने. जवळपास कुठेतरी एक स्थिर स्टेशन असतं. त्याला आपली जागा नेमकी माहीत असते. उपग्रह जे सांगतात त्यात आत्ता चूक किती आहे हे ते सतत मोजतं आणि ट्रॅक्टरला रेडिओवरून कळवतं.

आणि त्या दिवशी दुपारपासून हा ट्रॅक्टर दारू प्यायल्यासारखा चालत होता. मध्येच अर्धा फूट डावीकडे उडी, मग परत उजवीकडे, मग पडद्यावर अचूकता गेल्याची सूचना आणि स्टीअरिंग पाटलाच्या हातात. डीलरचा मेकॅनिक मिळेना, त्यांचा फोन सतत एंगेज. पाऊस होऊन गेला होता, जमीन नेमकी वाफशावर आली होती. वाफसा काय असतो आणि तो कुणासाठी थांबत नाही, हे मला त्याने समजावून सांगायची गरज नव्हती.

मी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. सीटच्या मागे, रबरी टोपणाखाली, तो गोल नऊ पिनांचा सॉकेट. हा सॉकेट मला माझ्या हाताच्या बोटांसारखा पाठ आहे, कारण ट्रकलाही हाच असतो. ए पिन म्हणजे बॅटरीची ऋण बाजू, बी म्हणजे धन. सी आणि डी या दोन पिनांवर कॅन बस, म्हणजे त्या पिळलेल्या दोन तारा ज्यांवरून यंत्रातले सगळे डबे एकमेकांशी बोलतात. सॉकेट काळा असेल तर बोलण्याचा वेग सेकंदाला अडीचशे किलोबिट, हिरवा असेल तर पाचशे. हा काळा होता. मी माझा अडॅप्टर लावला, अर्धा पेच फिरवून घट्ट केला, दुसरं टोक लॅपटॉपच्या यूएसबीला, आणि लॅपटॉप मांडीवर. पाटील केबिनच्या पायरीवर उभा राहून डॉक्टरकडे बघतात तसा माझ्याकडे बघत होता.

खरं सांगू? मला ते आवडलं.

इंजिन काय, गिअर काय, स्टीअरिंग काय, ज्याला काही दुखतं तो डबा दर सेकंदाला एक ठरावीक संदेश बसवर टाकतो: अमुक भाग, अमुक प्रकारचा बिघाड. या संदेशांची भाषा जाहीर आहे, जे-१९३९ नावाच्या मानकात छापलेली आहे, कुणीही वाचावी. पण त्याच तारांवर बनवणाऱ्या कंपनीचे खाजगी संदेशही धावत असतात, आणि त्यांचा अर्थ फक्त त्यांच्या सॉफ्टवेअरला कळतो. ही अवस्था म्हणजे सोलापूरच्या एसटी स्टँडवर शेजारच्या बाकावरचं कानडी बोलणं ऐकण्यासारखी. मधूनच 'तिकीट' कळतं, 'अक्कलकोट' कळतं, बाकी नुसता सूर. यावरून इथे बरीच वर्षं भांडण चालू आहे. आपलाच ट्रॅक्टर दुरुस्त करण्यासाठी त्यातलं सॉफ्टवेअरचं कुलूप उघडणं हा कॉपीराइटचा भंग नाही, अशी सूट २०१५ साली मिळाली, आणि शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा पहिला राज्य कायदा कोलोरॅडोत २०२३ साली झाला, २०२४ पासून लागू. माझं मत विचाराल तर, ज्याने यंत्राचे पैसे मोजले त्याला यंत्राचं दुखणं वाचता आलं पाहिजे. आमच्या गावचा सुतार तिफणीचा फण बसवून द्यायचा, पण तो ढिला झाला हे ओळखायला सुताराची परवानगी लागत नव्हती.

पण त्या संध्याकाळी अडचण भाषेची नव्हतीच. मी सगळे संदेश वाचले. बिघाड: काही नाही. जुन्या नोंदींत हिवाळ्यातला बॅटरी उतरल्याचा एक कोड, बस. स्टीअरिंगचा डबा ठणठणीत, चाकाच्या कोनाचा सेन्सर नीट आकडे देत होता, व्हॉल्व्ह हुकमाप्रमाणे उघडत होता. चावी बंद करून सी आणि डी पिनांमध्ये मीटर लावला. साठ ओहम. (बसच्या दोन्ही टोकांना एकशे वीस ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. त्याला टर्मिनेटर म्हणतात, आणि नाही, त्याचा श्वार्झनेगरशी काही संबंध नाही. दोन्ही जागेवर असले की मिळून साठ.) म्हणजे तारासुद्धा धडधाकट.

इथे शहाण्या माणसाने म्हणायचं असतं की यंत्रात दोष नाही, दुसरीकडे बघू. पण पायरीवर तो म्हातारा उभा, हातात टोपी, शेतात दिवसभराचा वाफसा. आणि मी डॉक्टर. डॉक्टरने 'काही नाही' कसं म्हणायचं? मग मी म्हटलं, "कुठेतरी कनेक्टर ढिला असेल." आणि केबिनच्या मागचे, टपाकडे जाणाऱ्या तारांचे कनेक्टर एकेक उघडून, फुंकर मारून, फडक्याने पुसून परत बसवायला लागलो. अंधार पडला होता, मोबाइलचा टॉर्च दातात धरला होता. पाटील म्हणाला, "मी धरू का?" मी म्हटलं, "नको नको, होतंय."

नवाच्या सुमाराला मला एक बरी कल्पना सुचली. ट्रॅक्टर उभा होता. टपावरचा घुमट आपली जागा बसवर सतत सांगत असतो, अक्षांश आणि रेखांश, आणि हे संदेश जाहीर भाषेतले. अक्षांशात दशांश चिन्हानंतरचा सातवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक सेंटिमीटर. उभ्या ट्रॅक्टरचे आकडे स्थिर असायला हवेत, फार तर शेवटचा थोडा थरथरेल. मी ते नोंदवायला लावले आणि बघत बसलो. सातवा आकडा दिसतच नव्हता इतका पळत होता. सहावा बदलत होता, म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटरच्या उड्या. बघता बघता पाचवाही बदलला. नऊ-दहा टनांचा ट्रॅक्टर, हँडब्रेक लावलेला, पडद्यावर शेतभर फिरायला निघाला होता.

"हे बघ," मी पाटलाला म्हटलं. त्याने चष्मा लावून बघितलं. "पण आपण तर इथेच आहोत," तो म्हणाला.

तेवढ्यात बायकोचा मेसेज. फोटो. आमच्या घरामागचं आकाश, गुलाबी. खाली एकच ओळ: 'कॉम्प्युटरमधून डोकं काढ आणि वर बघ.'

आम्ही दोघं खाली उतरलो. केबिनचे दिवे पाटलाने बंद केले. उत्तरेला हिरवट उजेड, आणि डोक्यावर थेट लालसर-गुलाबी पडदे, हलकेच हलणारे, जसा गोंदणाच्या शाईचा थेंब पाण्यात पसरावा. इलिनॉयमध्ये! हे दिवे बघायला लोक अलास्काला जातात. पाटील म्हणाला, एकाहत्तर वर्षांत या शेतावरून असं कधी पाहिलं नाही. मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

मला मात्र लाज वाटायला लागली होती. कारण सौर वादळाचा इशारा आदल्या दिवशी बातम्यांत आला होता, २००५ नंतरचा तेवढ्या तीव्रतेचा पहिला इशारा, आणि मी तो चहा पिता पिता वाचलाही होता. प्रत्यक्षात आलं ते त्याहून मोठं, जी-५ दर्जाचं, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर. त्यांचे संदेश वरच्या आयनांबराच्या थरातून खाली येताना थोडे रखडतात. आरटीकेची सगळी भिस्त यावर की स्टेशनच्या डोक्यावरचं आभाळ आणि ट्रॅक्टरच्या डोक्यावरचं आभाळ सारखंच. वादळात तो थर ढवळून निघतो, सारखेपणा राहत नाही, आणि दुरुस्तीचा आकडाच चुकीचा होतो. मिडवेस्टमधल्या कितीतरी शेतांत त्या दिवशी ऐन पेरणीत हेच झालं. डीलरचा फोन एंगेज का होता हेही तेव्हा उमगलं. दोष टपाच्या वर होता आणि मी सीटच्या मागे शोधत होतो.

एक अवांतर. पृथ्वीवर नोंदलं गेलेलं सर्वांत प्रसिद्ध सौर वादळ सप्टेंबर १८५९ चं. त्याची एक महत्त्वाची नोंद कुठली, तर मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेची. तिथे चुंबकीय सुईची निरीक्षणं माणसं हाताने लिहून ठेवत होती, आणि त्या वहीत क्षेत्र एकाएकी सुमारे सोळाशे नॅनोटेस्लाने कोसळल्याचं दिसतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या म्हणून १९०४ मध्ये ही चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. अलिबागला मी शाळेच्या सहलीत गेलो होतो. किल्ला बघितला, नारळपाणी प्यायलो, वेधशाळेच्या बाजूला ढुंकूनही पाहिलं नाही.

रात्री पेरायचं नाही असं पाटलाने ठरवलं. वादळ आणखी एक-दोन दिवस चालणार होतं. ओळ चुकली तर फक्त दिसायला वाईट असं नसतं. पुढे खत द्यायला, फवारायला, कापायला यंत्र साठवलेल्या रेषेवरूनच येतं, आणि रोप जर रेषेवर नसेल तर ते चाकाखाली जातं. म्हणाला, "पहाटे हाताने पेरू. मार्कर आहेत." पेरणीयंत्राच्या दोन्ही बाजूंना लांब हात असतात, टोकाला एक चकती. ती पुढच्या फेरीसाठी मातीत रेघ ओढत जाते. बरीच वर्षं उघडलेच नव्हते. रात्री अकरापर्यंत आम्ही त्यांच्या गंजलेल्या खिळी ठोकून ठोकून सोडवल्या. हे काम मात्र मी टॉर्च दातात न धरता केलं.

शनिवारी पहाटे साडेपाचला मी परत हजर. शेजारच्या छोट्या सीटवर बसलो. पहिली फेरी सुरू झाली आणि शंभर पावलंही गेलो नसू, तोच मॉनिटरवरून बियाणं मोजणारे आकडे गायब. आले. परत गायब. आदल्या रात्री हे ठीक होतं. पाटील माझ्याकडे बघेना, मी पाटलाकडे बघेना. चावी बंद, सी आणि डी, मीटर.

एकशे वीस.

या जुन्या जोडणीत पेरणीचा मॉनिटर आणि स्टीअरिंग एकाच तारांवर होते. मी केबिनच्या मागे गेलो. टर्मिनेटरचं टोपण, जे मी रात्री फुंकर मारून 'परत बसवलं' होतं, ते खटकन न बसता नुसतं टेकलेलं होतं, आणि आता तारेला लोंबत होतं. सगळ्या ट्रॅक्टरमध्ये एकच दोष, आणि तो मी केलेला.

सांगायलाच हवं होतं असं नाही. दोन सेकंदांत टोपण बसलं असतं, आणि 'हं, सापडला' म्हणून मी उलट शाबासकी घेतली असती. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं, हेही इथे लिहून टाकतो. पण हातात टोपण घेऊन पुढे गेलो आणि सांगितलं, "हे मी काल रात्री काढलं होतं. नीट बसवलं नाही. आणि काढायची गरज नव्हती."

पाटलाने टोपण हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "एवढंसं?" म्हणाला. मग परत दिलं. "बस आत. अर्धा तास गेला."

त्यानंतर दुपारपर्यंत तो पेरत होता आणि मी बघत होतो. परतीच्या फेरीला मार्करची रेघ असते, पण पहिल्या फेरीला काहीच नसतं. त्याने क्षितिजावर दूर एक धान्याचा उंच कोठा धरला, नजर तिथे ठेवली, आणि अर्धा मैल चाकाकडे पाहिलंही नाही. आमचा सालदार असाच बैल हाकायचा, तिफणीकडे न बघता, बांधावरच्या निंबाकडे बघून. चाड्यावर आईची मूठ असायची. मी मागे चालायचो आणि उघडं पडलेलं बी मातीत ढकलायचो, पायाच्या अंगठ्याने.

घरी आल्यावर झोपलो, आणि रात्री साडेनऊला, तिकडे रविवारी सकाळी आठला, आप्पांना फोन लावला. आखाजीच्या शुभेच्छा दोन दिवस उशिराने दिल्या. मग सगळं सांगितलं, उपग्रह, वादळ, गुलाबी आभाळ, आणि ते टोपणही. आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जमीन आता बटाईने दिलेली आहे. त्या वर्षीचा ठरावही परवाच झाला होता, ओट्यावर, एकट्याने. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी गप्प बसलो.

"मग ओळ कशी धरली?" त्यांनी विचारलं.

"कोठा धरला समोरचा."

"झाड नव्हतं का?"

"इथे झाडं नाहीत, आप्पा. सपाट आहे सगळं."

"हं," म्हणाले. "आणि रेघ सरळ आली?"

ऑक्टोबरमध्ये पाटलाने मका कापायला घेतला तेव्हा मला मुद्दाम बोलावलं. शनिवारी हाताने पेरलेला तुकडा बऱ्यापैकी सरळ होता. शुक्रवारी दुपारी उपग्रहांच्या भरवशावर पेरलेल्या पट्ट्यात मात्र सोळाच्या सोळा ओळी एका जागी डावीकडे उडी मारत होत्या, जणू सगळ्यांना एकदम ठेच लागली. तिथे पोचल्यावर पाटलाने ऑटोस्टीअर बंद केलं, चाक हातात घेतलं आणि मला म्हणाला, "फोटो काढ. तुझ्या वडिलांना पाठव."